तिरक्या रेघेपुढचा आकडा

निभारानी शील तिसऱ्यांदा ऑफिसात आली, तेव्हा शकुन हळबेने तिला जिन्यावरूनच ओळखलं आणि मनातून तिला ते नकोसं झालं. साल त्र्याहत्तर, जूनचा पहिला आठवडा. सकाळपासून दोनदा वीज गेली होती. पंखे बंद होते आणि टेबलावरचे कागद घामाने हाताला चिकटत होते. या बाईला दोनदा 'नाव आढळले नाही' असं पत्र गेलेलं होतं. तिसऱ्यांदा तिला तेच सांगायचं, तेही तिच्या तोंडाकडे बघत, एवढी ताकद आपल्यात आज नाही असं शकुनला वाटलं.

शकुन तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. जन्म बागबाजारचा, शाळा-कॉलेज सगळं कलकत्त्यातच. वडील विनायकराव तिथल्या एका शाळेत गणित शिकवायचे. ते गेल्यावर ती त्याच भाड्याच्या घरात एकटी राहत होती. बांगला तिला मराठीपेक्षा सहज येई. मराठी बोलायला आता ऑफिसातले एक टिपणीससाहेब सोडले तर फारसं कोणी उरलं नव्हतं.

ऑफिसचं काम मोठं होतं आणि माणसं थोडी. एकाहत्तरच्या लढाईत सीमेपलीकडून लाखो माणसं आली. त्यांच्या छावण्यांत नावांच्या वह्या ठेवल्या गेल्या. पुढच्या वर्षी छावण्या उठल्या, माणसं परतली किंवा पांगली, आणि वह्या दिल्लीला गेल्या. मागे राहिले नातेवाइकांचे अर्ज. माझा भाऊ कुठे आहे, माझी आई कुठे आहे. वह्या जाण्याआधी काही छावण्यांतली नावं कार्डांवर भोकं पाडून उतरवली होती. बावीस हजार कुटुंबं. अर्ज आला की ते नाव संगणकाकडून या यादीत शोधायचं आणि अर्जदाराला कळवायचं, हे शकुनचं काम.

कार्डं पाडायच्या यंत्रावर रोमन मोठी अक्षरं, आकडे आणि मोजकीच चिन्हं होती. प्रश्नचिन्ह नव्हतं. बंगाली चंद्रबिंदूसाठी काही नव्हतं. एक ओळ संपून दुसरी सुरू झाली हे दाखवायलाही काही नव्हतं. म्हणून आधीच्या अधिकाऱ्याने एक संकेत ठरवून दिला होता. तिरकी रेघ आणि तिच्यापुढे एक असेल, तर तिथे नवी ओळ. तिरकी रेघ आणि दोन म्हणजे प्रश्नचिन्ह. तिरकी रेघ आणि तीन म्हणजे चंद्रबिंदू. आणि मजकुरात खरोखरची तिरकी रेघ असेल तिथे ती दोनदा पाडायची. अशा रीतीने एका कुटुंबाची सगळी माहिती एका लांब साखळीत यायची: तंबूचा नंबर, कुटुंबप्रमुखाचं नाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, गाव, आणि छावणी सोडून कुठे गेले ते.

ही साखळी पुन्हा माणसाला वाचता येईल अशी उलगडायचा प्रोग्राम शकुनने लिहिला होता. शहराच्या उत्तरेला एका संस्थेत संगणक होता आणि तिथल्या एका प्राध्यापकांनी परदेशातून स्नोबॉल नावाची एक भाषा टेपवर आणली होती. आकडेमोडीत ती भाषा मंद होती, पण शब्दांच्या तुकड्यांशी खेळायला तिच्यासारखी दुसरी नव्हती. हे सापडलं की त्याजागी ते ठेव, एवढं एका ओळीत सांगता येई. शकुनने चार ओळी लिहिल्या होत्या. पहिली रेघ-एकसाठी, दुसरी रेघ-दोनसाठी, तिसरी रेघ-तीनसाठी, आणि शेवटची, दोन रेघांची एक रेघ करणारी. वर्षभर तो प्रोग्राम चालत होता. पहिल्या दिवशी पूर्ण छपाईचा गठ्ठा काढला, तेव्हा वरच्याच पानावर एके ठिकाणी तंबूच्या नंबरात प्रश्नचिन्ह दिसलं होतं. कार्डं पाडणाऱ्या बायकांकडून चुकलं असेल, असं म्हणून तिने पान उलटलं होतं. तंबूचा नंबर कोणाला लागतच नव्हता. शोध नावावरून, दुसऱ्या ओळीत बघून व्हायचा.

निभारानी समोरच्या स्टुलावर बसली. चाळिशीची, हडकुळी बाई. डमडमला एका शाळेत आयाचं काम करायची. लग्न होऊन ती जेसोरला गेली होती, माहेर बरिसालकडचं; आडनाव दोन्हीकडे शीलच. पळापळीत ती सासरच्या माणसांबरोबर एका वाटेने आली, आई आणि धाकटी बहीण दुसऱ्या वाटेने.

"दिदी, या वेळी नंबर आणलाय," ती बांगलात म्हणाली. पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने एक चिठ्ठी टेबलावर ठेवली. "आमच्या गावचा एक माणूस परवा भेटला. तो त्यांच्या शेजारच्या तंबूत होता. तो म्हणतो, सहाचा बारा. त्याने लिहून दिलंय."

चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: ६/१२. खाली छावणीचं नाव.

"माणसाची चूक होते," शकुन म्हणाली.

"तो रोज आईला पाणी आणून द्यायचा. चूक कशी होईल?"

शकुन उठली. गठ्ठा कपाटावर होता, तो उतरवायला शिपाई जागेवर नव्हता. तिने स्वतः खुर्चीवर चढून तो ओढला. धूळ डोळ्यांत गेली. खिडकीजवळ उजेडात बसून ती ती छावणी शोधू लागली. सहावा विभाग मिळाला. सहाचा नऊ नीट होता. त्याच्यानंतर यायला हवा होता सहाचा दहा. तिथे एका ओळीवर सहा आणि तिरकी रेघ होती, आणि तिच्या खालच्या ओळीवर नुसतं शून्य. नाव तिसऱ्या ओळीवर गेलं होतं. पुढचा तंबू तसाच. त्याच्या पुढचाही तसाच: सहा, तिरकी रेघ, खाली दोन, त्याखाली कुमुदिनी शील, त्याखाली कै. नगेंद्र शील. मग गाव. आणि मग, बजबज, ज्यूट मिलच्या कुली लाइनीत, हाराधन शील यांच्याकडे.

शकुनने ते दोनदा वाचलं.

"मिळालं," ती म्हणाली.

निभारानीने चिठ्ठीवर हात ठेवला. मग तिने विचारलं, "बजबज म्हणजे आपलं बजबज? रेल्वेने जातात ते?"

"हो."

"डमडमहून दोन तास."

"हो. हाराधन कोण?"

"काका. बाबांचे चुलतभाऊ. पाकिस्तान झालं तेव्हाच इकडे आलेले. त्यांचा पत्ता कोणाकडे नव्हता." तिने चिठ्ठी उचलून पुन्हा पदरात बांधली. आधी का मिळालं नाही, हे तिने विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मला वाचता येत नाही. मिलच्या दारवानाशी बोलताही येणार नाही. रविवारी तुम्ही याल का?"

शकुन हो म्हणाली. त्या क्षणी नाही म्हणणं तिला शक्यच नव्हतं.

ती गेल्यावर शकुन तशीच बसून राहिली. कागदावर तिने साखळी जशी कार्डावर असेल तशी लिहून काढली. सहा, दोन तिरक्या रेघा, बारा. मग आपला प्रोग्राम जसा चालेल तसं पेन्सिलीने खोडत गेली. पहिली ओळ रेघ-एक शोधणार. दुसरी रेघ आणि बाराचा एक मिळून तिला रेघ-एक सापडणार, आणि तिथे ती नवी ओळ घालणार. उरणार सहा आणि एक रेघ, खाली दोन. शेवटी दोन रेघा शोधायला जावं, तर दोन रेघा उरलेल्याच नाहीत. ज्या ज्या तंबूचा नंबर एकने सुरू होतो, एक किंवा दहा ते एकोणीस, तिथे तिथे हेच. विभागात चाळीस तंबू, त्यांतले अकरा. बावीस हजारांतली सहा हजार कुटुंबं यादीत असून तिच्या प्रोग्रामला दिसत नव्हती.

संगणकावर तिच्या ऑफिसला मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन तास मिळत. शुक्रवारी ती प्रोग्रामच्या कार्डांचा डबा मांडीवर घेऊन बसमधून गेली. दुरुस्ती तिच्या मनात तयार होती. ओळींचा क्रम चुकलाय, दोन रेघांची ओळ शेवटी नको, पहिली हवी. तिने त्या ओळीचं कार्ड उचलून सगळ्यांत वर ठेवलं आणि सहाव्या विभागाची तेवढी छपाई मागितली.

कागद बाहेर आला. सहा, खाली दोन. आता तर तिरकी रेघसुद्धा गेली होती.

ती कागदाकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात वीज गेली आणि यंत्रांचा आवाज एकदम थांबला. संगणकावर बसणारा जयप्रकाश म्हणाला, "तासभर तरी येत नाही. बाहेर जाऊन बसा, इथे जीव घुसमटेल."

शकुन संस्थेच्या मागच्या पायरीवर बसली. समोर तळं होतं, त्यात एक माणूस म्हशी धूत होता. डोकं चालत नव्हतं. महिनाभर तिला नीट झोप नव्हती, आणि आज सकाळी तिने काही खाल्लंही नव्हतं. पण दुसरा कोणी हे करणार नव्हता. तिने वही उघडली. दोन रेघांची आधी एक केली, की बाराच्या मागे एकच रेघ उरते, आणि पुढची ओळ तिलाच खूण समजते. आधी नाही केली, तरी तेच. म्हणजे क्रम कसाही लावला तरी तिच्या चार ओळी चुकणारच. कारण प्रत्येक ओळ सगळी साखळी पहिल्यापासून पुन्हा चाळते, आणि आधीच्या ओळीने केलेलं काम तिला खरा मजकूर वाटतो.

तिने सहा, रेघ, रेघ, एक, दोन यांवर बोट ठेवून ते पोथी वाचावी तसं डावीकडून वाचलं. सहा. रेघ आली, म्हणजे थांबायचं आणि फक्त पुढचं एक चिन्ह बघायचं. पुढे रेघ आहे, म्हणजे ही खरी रेघ. ती लिहायची आणि दोन्ही ओलांडून पुढे जायचं, मागे वळून बघायचं नाही. आता एक. त्याच्या मागची रेघ खर्ची पडलेली आहे, म्हणून हा नुसता एक. मग दोन. सहा, रेघ, बारा.

इतकं साधं होतं. वर्षभरापूर्वी अर्धा तास जास्त बसली असती, तर तेव्हाच दिसलं असतं.

वीज पावणेचारला आली. तिची वेळ चारला संपत होती. जयप्रकाशने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "पुढचे लोक लोडशेडिंग समजून आलेच नाहीत. सहापर्यंत बसा." तिने नवी अकरा कार्डं स्वतः पाडली. त्यांत दोन चुका झाल्या, त्या पुन्हा पाडल्या. साडेपाचला अर्जांची सगळी टेप नव्याने तपासून झाली. ज्यांना 'नाव आढळले नाही' असं पत्र गेलं होतं ते अर्ज सातशे दोन. त्यांतल्या दोनशे अडुसष्टांची नावं आता सापडली.

रविवारी शियालदाहून त्या दोघी बजबजच्या गाडीत बसल्या. निभारानीने धुतलेली पांढरी साडी नेसली होती आणि मांडीवर मुरमुऱ्यांची पिशवी धरली होती. तेलाच्या टाक्या दिसू लागल्यावर तिने फक्त विचारलं, "आईला दिसत असेल का? डोळ्यांत फूल पडलं होतं तिच्या."

दारवानाने हाराधनची खोली दाखवली. मजुरांच्या खोल्यांच्या त्या लाइनीच्या टोकाला हापसा होता आणि एक तरुण बाई तिथे भांडी घासत होती. तिने मान वर केली. हातातला तांब्या तिने खाली ठेवला, पण ती उठली नाही.

"आलीस?" ती म्हणाली.

"शेफाली," निभारानी म्हणाली. "आई कुठे आहे?"

"माघात गेली."

हापशाच्या नळीतून पाणी ठिबकत होतं. निभारानी तिथेच ओल्या फरशीवर बसली. शेफाली मग उठली, हात पदराला पुसून बहिणीजवळ आली आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरून उभी राहिली. रडली दोघींपैकी कोणीच नाही. शकुन चार पावलं मागे सरकली आणि मिलच्या भिंतीकडे तोंड करून थांबली.

नंतर खोलीत चहा झाला. हाराधन पाळीवर गेला होता. शेफाली सांगत होती, आई आजारी कधी पडली, इस्पितळात जागा कशी मिळाली नाही, शेवटच्या दिवसांत ती कोणाला हाका मारायची. सांगताना तिचा आवाज हळूहळू कडक होत गेला.

"लोक म्हणायचे, सरकारी ऑफिसात अर्ज केला की पत्ता मिळतो. आम्हीही तुझ्यासाठी करणार होतो, पण तुझं सासर कुठल्या छावणीत तेच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ताईने केला असता तर आमचा पत्ता वहीत आहेच. तू केलाच नाहीस. आई म्हणायची, तिला कागद कळत नाहीत ग."

निभारानीने पिशवीतून दोन पाकिटं काढली आणि बहिणीपुढे ठेवली. शेफालीला वाचता येत होतं. तिने दोन्ही वाचली.

"नाव आढळले नाही," ती म्हणाली. "आमचं?"

शकुनने कप खाली ठेवला. गाडीत ती ठरवत होती की आज नको, पुढे कधीतरी. आता तसं करता येईना.

"ती पत्रं मी पाठवली," ती म्हणाली. "तुमचं नाव आमच्याकडे पहिल्यापासून होतं. मशीनने ते कसं वाचायचं हे मी लिहून दिलं होतं, आणि मी ते चुकीचं लिहिलं. तंबूच्या नंबरातला एक बघून मशीनने तिथे ओळ तोडली आणि नाव चुकीच्या जागी गेलं. परवा ही नंबर घेऊन आली तेव्हा मला कळलं. चूक माझी होती."

निभारानीने पहिलं पाकीट उचललं. "हे कधीचं?"

"नोव्हेंबरचं."

"म्हणजे कुठला महिना?"

"कार्तिक."

निभारानीने बोटांवर मोजलं. "अग्रहायण, पौष, माघ." मग तिने पाकिटं पुन्हा पिशवीत ठेवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "दिदी, तुमची साडेतीनची गाडी आहे. स्टेशनचा रस्ता सापडेल ना?"

"सापडेल," शकुन म्हणाली आणि उठली. दारापर्यंत कोणी आलं नाही.

सोमवारी ती टिपणीससाहेबांच्या खोलीत गेली. दत्तात्रय टिपणीसांची ही पाचवी बदली होती. बायको-मुलं पुण्यात, हे एका लॉजमध्ये. पोट बिघडलेलं, निवृत्तीला दोन वर्षं. सगळी पत्रं त्यांच्या सहीने जात. शकुनने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, बजबजसुद्धा.

"दोनशे अडुसष्ट," ते शेवटी म्हणाले.

"हो साहेब. मी पत्रं तयार केलीत."

त्यांनी वरचं पत्र वाचलं. "'आमच्या कार्यालयाच्या चुकीमुळे.' हळबेबाई, सरकारी कागदावर असं लिहितात का कोणी? हे वर गेलं की चौकशी लागेल. पहिला प्रश्न तुम्हाला येईल आणि दुसरा मला. चौकशी चालू असेपर्यंत एकही पत्र जाऊ देणार नाहीत. सहा महिने. वर्षसुद्धा."

"मग काय लिहू?"

"'अधिक तपासात पुढील माहिती उपलब्ध झाली आहे.' बस. पत्रं या आठवड्यात जातील."

"ते खोटं आहे."

"अर्धं खरं आहे." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, मला दोन गोष्टींतली एकच करता येते. पत्रं लवकर पाठवता येतात, किंवा त्यांत खरं लिहिता येतं. तुम्ही सांगा कुठली करू."

शकुनला निभारानीची बोटं आठवली. एकेका महिन्यावर टेकत गेलेली.

"लवकर पाठवा," ती म्हणाली.

पत्रं पुन्हा टाइप झाली. टिपणीससाहेबांनी दोन दुपारी बसून सगळ्यांवर सह्या केल्या. दुसऱ्या दिवशी हात दुखतो म्हणून मनगटाला रुमाल बांधला होता. त्यांनी त्यावर पुढे कधी काही बोलून दाखवलं नाही आणि शकुननेही विषय काढला नाही.

पावसाळाभर उत्तरं येत राहिली. काही आभाराची होती, ती तिला वाचवत नसत. बरीच नुसती पोचपावती. त्रेचाळीस पाकिटं परत आली: पत्त्यावर राहत नाहीत. त्यांतले सात पत्ते कलकत्त्यातलेच होते. पत्र परत आलं म्हणजे ऑफिसचं काम संपलं, तसा नियमच होता. शकुन ते सात पत्ते वहीत उतरवून घरी घेऊन गेली आणि दर रविवारी एकेक शोधायला निघू लागली. गुडघेभर पाण्यातून, ट्रॅम बंद पडली तर चालत. दुर्गापूजेपर्यंत तिला तिघं सापडले.

चौथा पत्ता टॅंगऱ्याकडच्या एका वस्तीचा होता. तिथल्या म्हातारीने सांगितलं, तो माणूस वैशाखात आसामला गेला, मुलाला शोधायला.

"मुलगा तिकडे आहे असं त्याला कोणी सांगितलं?" शकुनने विचारलं.

"कोणी नाही. इथे नाही म्हणून पत्र आलं होतं ना. मग तो म्हणाला, तिकडे बघतो."

मुलाचा पत्ता शकुनच्या वहीत होता. हावड्याचा. म्हातारीने तिला बसायला फळी दिली आणि पाणी आणून दिलं. आसामात तो कुठे उतरला असेल, कोणाच्या ओळखीने गेला, सोबत कोण होतं, हे शकुनने एकेक करून विचारलं आणि म्हातारीला जेवढं आठवत होतं तेवढं सगळं लिहून घेतलं.